शार्क्स कोव्हमध्ये कधी उतरावे आणि कधी काठावरूनच परतावे

मालवण-तारकर्लीच्या पाण्यात ज्याने पहिल्यांदा पाठीवर सिलिंडर चढवला, त्याच्या मनात समुद्राचे एक वेळापत्रक पक्के बसलेले असते. जून लागला की दर्या बंद होतो, नारळी पौर्णिमेनंतर होड्या हळूहळू पाण्यात उतरतात आणि दिवाळीनंतरचे कोरडे, थंड महिने डाइव्हिंगसाठी सर्वांत भरवशाचे मानले जातात. कोकणापुरते हे वेळापत्रक बरोबरच आहे. तेच मनात धरून कोणी डिसेंबरच्या सुट्टीत हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पोचला, तर मात्र त्याला सगळे उलटे दिसते. जुलैमध्ये जिथे लहान मुले मास्क लावून मासे बघत तरंगत असतात, तिथेच डिसेंबरमध्ये दुमजली घराएवढ्या लाटा कातळावर आपटत असतात. आणि त्याच वेळी डोक्यावर स्वच्छ ऊन असते, वारा जेमतेम झुळकेएवढा असतो. ते ऊन आणि त्या लाटा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, ही गोष्ट एकदा नीट समजली की या किनाऱ्याचे बहुतेक कोडे सुटते. हा लेख मुख्यतः त्याच एका गोष्टीविषयी आहे.

ज्या जागेविषयी लिहितो आहे तिचे रूढ नाव शार्क्स कोव्ह आणि हवाईयन नाव कपोओ. पुपुकेआ या वस्तीसमोर, कामेहामेहा महामार्गाच्या अगदी कडेला ती आहे. पुपुकेआ म्हणजे पांढरा शंख. कोव्ह या शब्दाला मराठीत चपखल शब्द मला अजून सापडलेला नाही. खाडी म्हणावे, तर आपली खाडी नदीच्या मुखाशी असते, तिच्यात गाळ असतो, कडेला तिवरे असतात. इथे कातळाच्या दोन बाहूंनी कवेत घेतलेला समुद्राचा एक लहानसा तुकडा आहे आणि त्याचे तोंड वायव्येकडे उघडते. आत पाणी साधारण पाच-सहा मीटर खोल आहे, तोंडातून बाहेर पडल्यावर ते बारा-पंधरा मीटरपर्यंत जाते. बाहेर पडून उजवीकडे वळले की चुनखडकात कोरल्या गेलेल्या गुहा आणि आरपार पोहता येण्याजोगी भुयारे लागतात. दुपारच्या उन्हाचे झोत छताच्या भोकांतून त्यांत उतरतात, आणि याच दृश्यासाठी अनेक डाइव्हर पुन्हापुन्हा इथे येतात. नावातल्या शार्कने दचकण्याचे कारण नाही. कधीतरी एखाद्या कपारीत पांढऱ्या टोकाच्या पराचा लहान शार्क विश्रांती घेताना दिसतो, एवढेच.

१९८३ साली हा पट्टा सागरी जीव संवर्धन क्षेत्र म्हणून राखीव झाला आणि २००३ मध्ये त्याची हद्द वायमेआच्या उपसागरापर्यंत वाढवण्यात आली. कोव्हमध्ये मासे पकडता येत नाहीत, त्यांना खाऊ घालता येत नाही, दगड-शिंपले उचलून नेता येत नाहीत. त्यामुळे इथले मासे माणसाला बुजत नाहीत. होनू म्हणजे हिरवे कासव, प्रवाळ कुरतडून वाळू करणारा उहू, काळे पट्टे मिरवत थव्याने फिरणारे मनिनी, शिवाय हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ असे लांबलचक नाव असलेला हवाईचा राज्यमासा, हे सगळे गुडघाभर पाण्यापासून दिसू लागते. हवाईच्या प्रवाळ-माशांपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत, हे लक्षात घेतले तर या लहानशा जागेचे मोल कळते. पण हे सगळे वर्षाच्या अर्ध्याच भागात पाहता येते.

हिवाळा येतो कुठून

हवाईत थंडी अशी पडत नाही. समुद्राचे तापमान फेब्रुवारी-मार्चमध्ये साधारण २४ अंश सेल्सिअस आणि सप्टेंबरमध्ये २७ अंशांच्या आसपास असते. फरक तीन अंशांचा, म्हणजे पातळ वेटसूट की जरा जाड एवढाच. उत्तर किनाऱ्याचा हिवाळा तापमानात शोधू नये. तो हजारो किलोमीटर दूर, जपान आणि कामचाटकापासून अलूशियन बेटांपर्यंत पसरलेल्या उत्तर पॅसिफिकमध्ये तयार होतो.

ऑक्टोबर उलटला की आशिया खंडावरची थंड, कोरडी हवा तुलनेने उबदार समुद्रावर येऊ लागते आणि या पट्ट्यात एकामागून एक कमी दाबाची मोठी वादळे जन्म घेतात. वाऱ्याने किती मोठी लाट उठावी हे तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा आहे, तो किती वेळ वाहतो आणि एकाच दिशेने किती लांब पाण्यावरून वाहतो. उत्तर पॅसिफिकमध्ये या तिन्हींना वाव मिळतो. दोन-दोन दिवस, हजारभर किलोमीटरच्या पट्ट्यात, झंझावाती वारा एका दिशेने पाण्याला ढकलत राहतो. वादळाच्या पोटात समुद्र नुसता खदखदत असतो, लहान-मोठ्या लाटा एकमेकींत घुसलेल्या असतात. त्या क्षेत्रातून बाहेर पडल्या की त्या आपोआप सुट्या होऊ लागतात, कारण लांब लाटा वेगाने धावतात आणि आखूड लाटा मागे राहतात. वादळापासून सुटलेल्या, वाऱ्याच्या आधाराशिवाय स्वतःच्या वेगाने चाललेल्या या शिस्तबद्ध लाटांना स्वेल म्हणतात. मराठीत आपण समुद्र चढला की सरसकट ‘उधाण’ म्हणतो, पण उधाण आणि भांग यांचे नाते चंद्राशी, पौर्णिमा-अमावास्या आणि अष्टमीशी आहे. स्वेलचे नाते वाऱ्याशी आहे, आणि तोही इथला नव्हे, दूरदेशीचा वारा. म्हणून मी इथे स्वेल हाच शब्द ठेवतो.

स्वेल किती दूर जाऊ शकते याचा अंदाज माणसाला फार उशिरा आला. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, वाटेत सामोआ, पाल्मायरा आणि होनोलुलू धरून, लाटा मोजणारी ठाणी मांडली आणि दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा अख्खा पॅसिफिक ओलांडून अलास्काला पोचताना टिपल्या. वादळाच्या परिसरातून एकदा बाहेर पडल्यावर वाटेत त्यांची ऊर्जा फारशी घटत नाही, हे त्यातून दिसले. आपल्या किनाऱ्यालाही हा अनुभव नवा नाही. केरळात वारा नसताना, निरभ्र आकाशाखाली अचानक समुद्र गावात शिरतो, त्याला तिथले मच्छीमार ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. त्या लाटाही दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून सुटून आलेल्या असतात. शार्क्स कोव्हचा हिवाळा हा असाच चोर समुद्र आहे, फरक इतकाच की तो दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येतो आणि आठवड्यातून एकदा-दोनदा येतो.

उन्हाळ्यात, साधारण मे ते सप्टेंबर, उत्तरेकडची ही वादळे दुबळी होऊन आणखी वर सरकतात. हवाईच्या ईशान्येला जास्त दाबाचा मोठा पट्टा ठाण मांडून बसतो आणि त्याच्याभोवतीचे व्यापारी वारे ईशान्य-पूर्वेकडून जवळजवळ रोज वाहतात. हे वारे बेटाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर आखूड, खवचट लाटा उठवतात. पुपुकेआ मात्र बेटाच्या टोकाच्या, म्हणजे काहूकूच्या, पलीकडे आडोशाला पडते, आणि वायव्येला तोंड असलेल्या कोव्हमध्ये त्या लाटांचा उरलेला अंश काय तो पोचतो. त्या महिन्यांत दक्षिण गोलार्धात हिवाळा असल्यामुळे न्यूझीलंडच्या बाजूच्या वादळांची स्वेल आठवडाभर प्रवास करून येते आणि वायकिकीच्या दक्षिण किनाऱ्याला लागते. बेट मध्ये असल्याने उत्तरेला तिचा पत्ताही लागत नाही. थोडक्यात, ओआहूवर समुद्र बारा महिने कुठे ना कुठे उठलेला असतो. ऋतूप्रमाणे त्याची बाजू बदलते, आणि जाणते डाइव्हर त्याप्रमाणे किनारा बदलतात.

उंचीपेक्षा सेकंद महत्त्वाचे

लाटेचा अंदाज पाहताना नवखा माणूस उंचीचा आकडा बघतो. त्याच्या शेजारचा सेकंदांचा आकडा त्याहून बोलका असतो. एक माथा गेल्यापासून दुसरा माथा येईपर्यंतचा हा वेळ, म्हणजे लाटेचा आवर्तकाल. शाळेतल्या भौतिकशास्त्राएवढ्याच गणितात त्यातून बरेच काही निघते. खोल पाण्यात आवर्तकालाच्या वर्गाला १.५६ ने गुणले की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. म्हणजे व्यापारी वाऱ्याची ८ सेकंदांची लाट सुमारे १०० मीटर लांब असते, तर वायव्येच्या वादळाची १६ सेकंदांची लाट ४०० मीटर लांब. आवर्तकाल दुप्पट, लांबी चौपट. लाटेची हालचाल पाण्याच्या पृष्ठभागाखाली तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोचते. त्यामुळे पहिली लाट ५० मीटर खोलीखाली जाणवत नाही, आणि दुसरी २०० मीटरवरच तळाला स्पर्श करू लागते. जी लाट इतक्या आधी तळ चाचपते, ती किनाऱ्याजवळ येताना जास्त वळते आणि मंदावताना जास्त उंच होते. बाहेर बोयावर, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रावर, २ मीटर दिसणारी लांब लाट किनाऱ्यावर त्याच्या दुपटीला पोचते, याचे कारण हेच.

वेगही सेकंदांवरूनच निघतो. १६ सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर चालतो. २० सेकंदांचा समूह ताशी ५६ किलोमीटर, आणि १० सेकंदांचा जेमतेम २८. साडेतीन हजार किलोमीटरवरचे एकच वादळ असेल, तर त्याच्या २० सेकंदांच्या लाटा अडीच दिवसांत पोचतात, १६ सेकंदांच्या सव्वातीन दिवसांत आणि १० सेकंदांच्या सव्वापाच दिवसांत. किनाऱ्यावरच्या माणसाच्या दृष्टीने यात सर्वांत फसवा भाग पहिला आहे. नवी स्वेल येते तेव्हा सुरुवातीच्या लाटा खूप लांब पण बेताच्या उंचीच्या असतात. समुद्र सपाटच दिसतो, फक्त दहा-बारा मिनिटांनी एखादी लाट कातळावर नेहमीपेक्षा जरा वर चढून जाते. एका डाइव्हला तासभर लागतो, आणि हिवाळ्यातली चढती स्वेल तेवढ्या वेळात कोव्हचे रूप पालटू शकते.

कोव्हच्या आत काय होते

उघड्या समुद्रात लाट जाते तेव्हा पाणी जागच्या जागी गोल फिरते. उथळ भागात तळ आडवा आल्याने ही वर्तुळे चपटी होतात आणि तळाशी पाणी नुसते पुढे-मागे झोके घेऊ लागते; डाइव्हर याला सर्ज म्हणतात. झोका किती लांब, हे काढता येते. आठ मीटर खोलीवर उन्हाळ्यातली १२ सेकंदांची, ३० सेंटिमीटरची मंद लाट डाइव्हरला साधारण ६० सेंटिमीटर पुढे नि तेवढेच मागे नेते; पाळण्यात बसल्यासारखे वाटते आणि मासेही त्याच तालात हलतात. त्याच जागी १५ सेकंदांची, २ मीटरची स्वेल आली तर तोच झोका ५ मीटरांचा होतो आणि त्याचा वेग सेकंदाला मीटरभराच्या पुढे जातो. सिलिंडर लावलेला माणूस पूर्ण ताकदीने फिन्स मारूनही फार काळ याच्या निम्म्या वेगानेही पोहू शकत नाही. उघड्या वाळूवर हे कदाचित निभावेल. तीन मीटर रुंदीच्या भुयारात ५ मीटरांचा झोका म्हणजे काय, याचे चित्र ज्याने त्याने डोळ्यांसमोर आणावे. गुहांत तर पाणी आत कोंबले जाते आणि मग ओढून घेतले जाते, वाळू उडून समोरचे दिसेनासे होते, आणि छत डोक्यावर असल्याने वर येण्याची वाट राहत नाही. उन्हाळ्यात ज्या गुहांसाठी माणसे येतात, त्याच हिवाळ्यात सर्वांत घातक असतात, आणि या बाबतीत अनुभवी-नवशिका असा भेद समुद्र करत नाही.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. लाटा कोव्हच्या उथळ कडांवरून आत पाणी ओततात. ते पाणी तिथे साठून राहू शकत नाही, त्याला बाहेर जावेच लागते, आणि बाहेर जाण्याचा सर्वांत खोल, सोपा मार्ग म्हणजे कोव्हचे मधले तोंड. म्हणून स्वेल असेल तेव्हा कडेला लाटा फुटताना दिसतात आणि मधला पट्टा त्या मानाने शांत, गडद दिसतो. नवखा माणूस शांत पट्टा बघून तिथून उतरतो, आणि तोच नेमका बाहेर नेणारा प्रवाह असतो. उत्तर किनाऱ्यावर अशा प्रवाहांनी दरवर्षी माणसे ओढली जातात. भरती-ओहोटीचा भाग मात्र इथे लहान आहे. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते. ओआहूवर हा फरक साधारण दोन-तीन फुटांचाच असतो. ओहोटीला खडकांवरचे साय-शेवाळ आणि काटेरी ‘वना’, म्हणजे समुद्री साळिंदर, उघडे पडतात, तेव्हा पाय टाकताना जास्त सांभाळावे लागते. याहून भरती-ओहोटीला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. कोव्हच्या बाजूला कातळाने अडवलेली उथळ डबकी आहेत, आणि मुलांसाठी ती सुरक्षित समजली जातात. उन्हाळ्यात ती तशी असतातही. हिवाळ्यात मोठी लाट बाहेरचा कातळ ओलांडून सरळ त्यांत येते आणि परत जाताना आतले सगळे बरोबर नेते.

पावसाचाही एक लहानसा वाटा आहे. हवाईत पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये पडतो. मोठी सर आली की वायमेआ नदीचे तपकिरी पाणी किनाऱ्यालगत पसरते आणि राज्याचा आरोग्य विभाग गढूळ पाण्याचा इशारा देतो. अशा वेळी समुद्र कितीही सपाट असला तरी दोन दिवस थांबणे बरे, कारण त्या पाण्यात दिसतही नाही आणि ते अंगाला चांगलेही नसते.

आकडे कुठे पाहायचे

सुदैवाने जगातल्या सर्वांत बारकाईने मोजल्या जाणाऱ्या किनाऱ्यांपैकी हा एक आहे, कारण लाटांवर स्वार होणाऱ्यांची ही पंढरी आहे. शार्क्स कोव्हपासून चालत जाण्याच्या अंतरावर वायमेआचा उपसागर आहे, जिथे एडी ऐकाऊ या जीवरक्षकाच्या स्मरणार्थ भरणारी लाटांवर स्वार होण्याची स्पर्धा लाटांची दर्शनी, म्हणजे समोरून दिसणारी, उंची ४० फुटांना पोचल्याशिवाय होतच नाही. त्यामुळे ती बहुतेक वर्षे भरतच नाही. ज्या समुद्रात ती भरते, त्याच समुद्राच्या काठावर आपली डाइव्हची जागा आहे, हे विसरू नये.

कौआई बेटाच्या वायव्येला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर ५१००१ क्रमांकाचा बोया तरंगतो. वायव्येची स्वेल त्याच्याकडून पुपुकेआला यायला साधारण अर्धा दिवस लागतो. म्हणजे रात्री त्यावर १७-१८ सेकंदांचा आकडा उमटला, तर दुसऱ्या दिवशी सकाळची योजना रद्द समजावी. वायमेआसमोर किनाऱ्याजवळच ५१२०१ हा बोया आहे. तो पुढचे सांगत नाही, पण आत्ता बाहेर काय आहे हे अचूक सांगतो. बोयाची उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच समुद्रात अधूनमधून येणारी सर्वांत मोठी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. सरासरीने कोणी बुडत नाही. बुडवते ती ही दुसरी लाट.

होनोलुलूचे हवामान कार्यालय रोज उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा प्रत्येक दिशेच्या किनाऱ्यासाठी वेगळा अंदाज देते. उत्तर किनाऱ्यावर लाटेची दर्शनी उंची १५ फुटांवर गेली की सावधगिरीची सूचना आणि २५ फुटांवर गेली की धोक्याचा इशारा जाहीर होतो. इथे एक गफलत हमखास होते. सूचना नसेल तर समुद्र शांत, असा अर्थ काढला जातो. पण १५ फुटांच्या खाली १४ फूटही येतात! डाइव्हरची मर्यादा त्याच्या कितीतरी खाली आहे. माझ्यापुरते सांगायचे तर अंदाजात उत्तर किनाऱ्यासाठी दर्शनी उंची तीन फुटांपर्यंत आणि आवर्तकाल १२ सेकंदांच्या आत असेल तरच मी गुहांचा विचार करतो. चार-पाच फूट असेल तर कोव्हच्या आतल्या भागापुरते, आणि त्यापुढे रस्त्याकडेला उभे राहून शेव-आइस, म्हणजे इथला बर्फाचा गोळा, खाणे उत्तम. हे माझे आकडे आहेत, नियम नव्हे. शिवाय फूट कोणते, हेही विचारून घ्यावे. इथल्या जुन्या पद्धतीत लाट मागच्या बाजूने मोजतात, आणि तो आकडा दर्शनी उंचीच्या साधारण निम्मा येतो. किनाऱ्यावरचा एखादा स्थानिक ‘आज दोन फूट’ म्हणाला, तर समोर छातीएवढी लाट उभी राहणार असे समजावे.

आकडे पाहूनही काठावर वीस मिनिटे नुसते बसण्याला पर्याय नाही. जवळपास सारख्या आवर्तकालाच्या दोन लाटांच्या रांगा एकमेकींत मिसळल्या की कधी माथ्यावर माथा येतो, कधी माथ्यावर खळगा. त्यामुळे मोठ्या लाटा पाच-सात अशा गटाने येतात आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटे सगळे निवांत असते. गाडीतून उतरून पाच मिनिटे पाहणाऱ्याला बहुधा तो निवांत वेळच दिसतो. ओला झालेला कातळ कुठपर्यंत आहे ते पाहावे: शेवटची मोठी लाट तिथवर चढली होती.

उतरणे आणि परत येणे यांतला फरकही लक्षात ठेवण्याजोगा आहे. उतरण्याची वेळ आपण निवडतो, गटाच्या मधली शांतता साधून आत शिरतो. परतीची वेळ सिलिंडरमधली हवा निवडते. म्हणून किनाऱ्यावरून डाइव्ह करताना प्रश्न ‘आत जाता येईल का’ असा विचारून भागत नाही. तासाभराने, दमलेल्या पायांनी, पाठीवर पंधरा-वीस किलो घेऊन याच खडकांवरून वर येता येईल का, हे पाहावे लागते. एका एप्रिलमध्ये मी आणि माझा जोडीदार अगदी सोप्या पाण्यात उतरलो आणि पन्नास मिनिटांनी कोव्हच्या तोंडाशी वर आलो, तेव्हा डाव्या बाजूचा वाळूचा उतार पांढऱ्या फेसाखाली गेलेला होता. आम्ही बीसीडी, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायचे जाकीट, फुगवून, फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर खोल पाण्यात तरंगत राहिलो, तीन गट मोजले आणि तिसऱ्याच्या शेवटच्या लाटेमागून आत आलो. आधी घाई केली असती तर कातळावर आपटलो असतो. त्या दिवशी दोघांच्याही सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा शिल्लक होती, हा योगायोग. तेव्हापासून मी वसंतात एक तृतीयांश हवा परतीसाठी राखून ठेवतो.

मधले महिने

जून ते ऑगस्ट सोपे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी बहुतांशी अशक्य, हे कोणीही सांगेल. उन्हाळ्यात पाण्याखाली वीस-तीस मीटरपर्यंत स्वच्छ दिसते, आणि शनिवार-रविवारी सिलिंडरपेक्षा गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते. हिवाळ्यातही दोन वादळांच्या मधे दोन-तीन दिवसांची उसंत मिळते, आणि त्या दिवसांत आत उतरणाऱ्याला एक बक्षीस मिळते: पाण्याखाली हंपबॅक देवमाशांचे गाणे ऐकू येते. हे देवमासे अलास्काच्या पाण्यातून येऊन जानेवारी ते मार्चमध्ये हवाईभोवती मोठ्या संख्येने असतात. देवमासा दिसत नाही, पण सगळ्या बाजूंनी एक खोल, लांबलेला सूर येत राहतो.

माणसे फसतात ती सप्टेंबर-ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये. सप्टेंबरच्या शेवटी पाणी वर्षातले सर्वांत उबदार असते, उन्हाळाभर सवय झालेली असते, वाळू किनाऱ्यावर भरपूर साठलेली असते, आणि अशातच मोसमातली पहिली वायव्य स्वेल येते. तिची उंची जानेवारीच्या मानाने किरकोळ असते, पण ती कोणाच्या ध्यानीमनी नसते.

जुने हवाईयन लोक वर्षाचे दोनच भाग करत: काऊ म्हणजे कोरडा उन्हाळा आणि होओइलो म्हणजे पावसाळी हिवाळा. मकालिई नावाचा तारकापुंज सूर्यास्ताच्या वेळी पूर्वेला उगवू लागला की मकाहिकीचा काळ सुरू होई, आणि हे साधारण नोव्हेंबरच्या मध्यात घडते. मकालिई म्हणजे आपल्या कृत्तिका. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांपाशी असतो, म्हणूनच तर त्या महिन्याचे नाव कार्तिक. आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्तालाच उगवतो. म्हणजे आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागतात, त्याच सुमारास दोन्हीकडच्या आकाशात कृत्तिका सायंकाळी पूर्वेला चढत असतात. मालवणात तेव्हा डाइव्हिंगच्या बोटींचा मोसम ऐन भरात येत असतो, आणि पुपुकेआला माझा सिलिंडर कपाटात जाऊन बसलेला असतो, बहुधा मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.